स्वावलंबनाचे ओझे

स्वावलंबन हा सद्गुण आहे, असे आम्हांस लहानपणापासून शिकविले गेले. आपले ताट आपण उचलावे, कुणापुढे हात पसरू नये, प्रवासाला निघताना पाण्याचा तांब्या बरोबर असावा, हे आमच्या घरातले अलिखित कायदे होते. त्या शिकवणुकीविषयी वयाच्या सहासष्टाव्या वर्षी आमच्या मनात शंका उत्पन्न झाली आणि तिला निमित्त झाला एक पिकअप.

राज्य शासनाच्या पाटबंधाऱ्यांच्या खात्यातून आम्ही २०१७ साली निवृत्त झालो. त्यानंतर चार वर्षांनी आमच्या चिरंजीवांनी दुहेरी केबिनचा एक जुना पिकअप खरेदी केला. जेथे रस्ता संपेल तेथे मुक्काम करता यावा, हॉटेल शोधावे लागू नये, कुणाचे उपकार घ्यावे लागू नयेत, अशी गाडी त्याला सजवावयाची होती. आमच्यासारख्या घराण्यांना हे वेड तसे परके नाही. ग्वाल्हेरचे लष्कर दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वसले. राहुट्यांच्या जागी वाडे उभे राहिले, नाव मात्र लष्करच राहिले. आपण सारे मूळचे मुक्कामाला आलेले आणि मग राहून गेलेले लोक आहोत. शिवाय नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत सर्वेक्षणासाठी नाल्याकाठी तंबू ठोकून आम्हीही राहिलो होतो. तेव्हा मुलाच्या बेतात आम्ही हौसेने सामील झालो.

हौसेला पहिला लगाम कायद्याने घातला. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमान्वये वाहनाच्या मूळ बांधणीत मनाजोगते फेरफार करता येत नाहीत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली. पुढचे लोखंडी कुंपण तर केंद्र शासनाने डिसेंबर २०१७ मध्येच निषिद्ध ठरविले होते. जन्मभर नियमावली वाचण्यात गेल्यामुळे आम्ही येथे हटून बसलो. अखेर चासीला हात न लावता, काढून ठेवता येईल असेच सामान बसवावयाचे ठरले. हौद्यात खणांची लाकडी पेटी, वर घडीचा तंबू, शीतपेटी, तिच्यासाठी दुसरी बॅटरी आणि पाण्याची शंभर लिटरची टाकी.

दुसरा लगाम वजनाचा. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, आणि गाडीच्या मंजूर वजनात माणसे, डिझेल, तंबू, भांडीकुंडी सारेच मोजले जाते. मागे एक वाढीव पाटा घातला की गाडी उंच दिसते आणि बसत नाही. परंतु ॲक्सल, ब्रेक आणि चासी पूर्वीचीच असतात, कागदावरचे मंजूर वजन एका किलोनेही वाढत नाही. बॅटरीचेही तसेच. शिशाच्या बॅटरीतून निम्म्याहून अधिक वीज वारंवार काढली तर तिचे आयुष्य घटते. म्हणजे शंभर अँपियर-तासांतले पन्नासच आपले. प्रत्येक सोयीसाठी दुसरी सोय, आणि त्या दुसरीसाठी तिसरी, अशी ही साखळी आहे. हे गणित आम्हांस कळत होते, तरीही ‘असू द्यावे, उपयोगी पडेल’ म्हणून सामान वाढत गेले, हे कबूल केले पाहिजे.

देखभाल मात्र आम्ही मनापासून केली. ग्रीस भरणे, डिझेल फिल्टरमध्ये साचलेले पाणी काढणे, पाट्यांचे काम झाल्यावर काहीशे किलोमीटरांनी यू-बोल्ट पुन्हा आवळणे, वाळूत शिरण्यापूर्वी चाकांतली हवा कमी करणे आणि डांबरी रस्ता लागताच पुन्हा भरणे. दर रविवारी सकाळी गाडीखाली सतरंजी अंथरून पडलो की, निवृत्तीनंतर रिकामे झालेले हात पुन्हा कामास लागल्याचे समाधान वाटे.

मे २०२३ मध्ये आम्ही उभयता आणि चिरंजीव अलिराजपूरच्या डोंगरी भागात गेलो. एका शेताच्या बांधाशी, मालकाला विचारून, मुक्काम केला. गावचा हातपंप बंद होता. डोक्यावर हंडे-कळशा घेतलेल्या बाया दुरून येत-जात होत्या. संध्याकाळी दोन मुली गाडी पाहावयास आल्या. टाकीचा नळ पाहून त्यांतल्या धाकटीने हातातली रिकामी बाटली पुढे केली. चिरंजीवांनी आमच्याकडे पाहिले. आमच्या डोक्यात हिशेब सुरू झाला : तीन माणसे, दोन दिवस, स्वयंपाक, रेडिएटरसाठी राखीव. आम्ही म्हणालो, “बेटी, पानी कम है.” टाकीत निदान सत्तर लिटर पाणी होते. मुलगी काहीही न बोलता निघून गेली.

रात्री सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, “अहो, बत्तीस वर्षे पाण्याच्याच खात्यात होतात ना?” आम्हांस उत्तर सुचले नाही. शीतपेटीचा आवाज रात्रभर ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या उतारावर मागचे दोन पाटे तुटले. दोष ओझ्याचा, म्हणजे आमचाच. मुख्य पाटा शाबूत होता म्हणून ॲक्सल जागेवर राहिला. तासाभराने त्याच वाटेने एक पिकअप आला. गाडी आमच्याच जातीची. फरक एवढाच, की तिच्या हौद्यात गुजरातेत मजुरीला निघालेली वीसेक माणसे उभी होती. त्या चालकाने बाभळीचा ओंडका तासून ॲक्सल आणि चासी यांच्यामध्ये बसविला, साखळीने आवळला, आणि ‘हळू न्या’ एवढे सांगून हात पुसले. पैसे घेतले नाहीत. फार आग्रह केला तेव्हा आमच्या टाकीतून आपल्या माणसांसाठी एक कॅन पाणी भरून घेतले. आदल्या संध्याकाळची गोष्ट त्याला ठाऊक नव्हती.

आता प्रश्न असा, की आमचे नेमके काय चुकले? दुष्काळी मुलखात आपले पाणी आपण घेऊन जाणे हे गैर नव्हे. तेथल्या माणसांच्या तुटपुंज्या पाण्यावर पाहुण्यांनी भार टाकणे हेच गैर. कुणी असेही म्हणेल, की एकीला दिले असते तर दहाजणी आल्या असत्या. कदाचित आल्याही असत्या. दहा बाटल्यांनी टाकी रिकामी झाली नसती. तेव्हा चूक पाणी बाळगण्यात नव्हती आणि पाणी कमी असण्यातही नव्हती. आमच्याजवळ नुसता तांब्या असता तर आम्ही त्यातले घोटभर निश्चित दिले असते, कारण उद्या आपल्यालाही कुणाच्या तरी दारात पाणी मागावे लागणार, हे तांब्यावाल्याला ठाऊक असते. टाकीने आमचे मागणे संपविले, आणि त्याबरोबर आमचे देणेही संपविले. मागण्याची लाज वाटू नये म्हणून जे जमविले, त्याने नाही म्हणण्याचीही लाज घालविली.

अमेरिकेतल्या थोरोचे ‘वॉल्डन’ (१८५४) स्वावलंबी जीवनाचा आदर्श म्हणून वाचले जाते. १८४५ साली तळ्याकाठी झोपडी बांधावयास तो निघाला तेव्हा हातात उसनी आणलेली कुऱ्हाड होती, आणि परत करताना ती आणली त्याहून अधिक धारदार होती, हे त्याने स्वतःच नमूद केले आहे. या तपशिलाकडे तरुणपणी आमचे लक्ष गेले नव्हते. आता वाटते की त्याचे स्वावलंबन खरे असेल तर ते या कुऱ्हाडीमुळे. त्याने घेणे टाळले नाही. घेतलेले नीट राखले आणि सुधारून परत केले. आमची दर रविवारची देखभाल मात्र आपल्याच वस्तूपाशी थांबत होती.

असो. इंदूरला परतल्यावर पाटे बदलले. शीतपेटी आणि दुसरी बॅटरी उतरविली. टाकी ठेवली, तिचा नळ आता मागच्या फळीबाहेर आहे, रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाचा हात पोहोचेल इतका खाली. चिरंजीव म्हणाले, “बाबा, वाटेत कुणी सारे पाणी काढून नेले तर?” आम्ही म्हणालो, “मग पुढच्या गावात मागू.”

जानेवारी २०२४ मध्ये त्याच बांधाशी पुन्हा मुक्काम केला. हातपंप दुरुस्त झाला होता आणि आमच्या पाण्याची कुणालाच गरज नव्हती. संध्याकाळी मुले गाडी पाहावयास आली. ती मुलगी त्यांत नव्हती, किंवा असेल तरी आम्हांस ओळखता आली नाही. नोकरीत वर्षअखेरीस हिशेब बंद करताना जी रक्कम जुळत नसे, ती आम्ही येणे-बाकी म्हणून पुढे ओढत असू. ही बाकी देण्याची आहे, आणि ती तशीच पुढे ओढली आहे.