चार क्विंटलांची अंगठी

नाशिकच्या सराफ बाजारात दुकानं उघडण्याआधी झारेकरी येऊन जातात. पायऱ्यांखालची, गटाराच्या कडेची धूळ ब्रशानं गोळा करायची, घमेल्यात पाणी घालून फिरवायची. माती वाहून जाते, जड कण तळाशी उरतात. सोनाराच्या कानशीतून निसटलेलं सोनं असं पुन्हा बाजारात येतं. वाहून गेलेल्या मातीकडे कोणी पाहत नाही, आणि ते ठीकच आहे. घमेलंभर तर माती! पण सोन्याच्या जुन्या खाणींवरचे माहितीपटही बहुधा झारेकऱ्याच्याच नजरेनं काढलेले असतात, हे मला खटकतं.

'सिटी ऑफ गोल्ड' हा कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाचा 1957चा लघुपट घ्या. कॉलिन लो आणि वुल्फ केनिग यांनी सोन्याच्या शोधात क्लोंडाइकला लोटलेल्या गर्दीच्या जुन्या छायाचित्रांवरून कॅमेरा इतका हळुवार फिरवला की बर्फातली माणसांची रांग चालू लागल्याचा भास होतो. काम अप्रतिमच. त्या गर्दीमागून आलेल्या अवजड यंत्रांनी मात्र नदीचं खोरं उलथून टाकलं. गोट्यांचे ढीग आजही तिथं पडून आहेत. आठवणीत राहते ती रांग.

आपलं क्लोंडाइक म्हणजे कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणी. यशचा 'केजीएफ' सिनेमा सगळ्यांनी पाहिलाय, पण त्यातल्या काही दृश्यांमागच्या करड्या टेकड्या खऱ्या आहेत, हे किती जणांच्या लक्षात आलं? जॉन टेलर कंपनीनं 1880मध्ये इथं काम हाती घेतलं; 28 फेब्रुवारी 2001ला खाणी बंद झाल्या. दगड पिठासारखा दळायचा, सायनाइडच्या द्रावणात सोनं उतरवून घ्यायचं, उरलेला गाळ बाहेर रचायचा. सोनं निघालं सुमारे 800 टन, गाळ तीन कोटी टनांहून जास्त. भागाकार करून बघा: दहा ग्रॅमच्या अंगठीमागे जवळपास चार क्विंटल. लासलगावला चार क्विंटल कांदा नेला तर निदान काटापट्टी तरी मिळते. सराफाच्या पावतीवर मिलिग्रॅमपर्यंत वजन असतं, घडणावळ असते, जीएसटी असतो. गाळाचा रकाना नसतो. वारा सुटला की त्या टेकड्यांची भुकटी खाणकामगारांच्या वस्तीवर उतरते. त्या पिढ्यानपिढ्यांच्या कामगारांत बहुसंख्य तमिळ दलित.

गाळाचं चित्रण करायचं तरी काय, तो तर नुसता पडून असतो, असं कोणी दिग्दर्शक म्हणेलही. त्याला त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांची आठवण द्यावी. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी कुंडीतला वाटाणा रुजताना रोज थोडा थोडा टिपला आणि दिवसच्या दिवस चालणारी वाढ मिनिटा-दोन मिनिटांत पडद्यावर आणली. ती पाहून सावकारानं पैसे सोडले, म्हणजे कंटाळवाणी नक्कीच नसणार! खाणीचं नुकसान याच चालीनं होतं: स्फोटासारखं नाही, अंकुरासारखं.

तसाच एक कॅमेरा कोलारच्या टेकडीसमोर वर्षभर रोवून ठेवायला हवा. फाल्गुनातल्या वाऱ्यानं तिची कड किती सरकते, पावसाळ्यात किती घळी पडतात, त्यातलं पाणी कुठे जातं, हे त्यात दिसेल. चौकटीच्या कोपऱ्यात एखादं घर असू द्यावं, दारात वाळत घातलेल्या कपड्यांसकट.