हिशोब कुणाच्या नावावर?

दुखणं माणसाला होतं. मग त्याचा जाब दुखणाऱ्यालाच का विचारतात? हा सवाल मी पुस्तकातून उचललेला नाही. रत्नागिरी तालुक्यातल्या आमच्या बौद्धवाडीत माझ्या वहिनीला रक्ताचा कर्करोग झालाय. ल्युकेमिया. वय बत्तीस, पोरं दोन, थोरली चौथीत. पहिल्या उपचारानं आजार दबला. गेलेले केस पुन्हा आले, पावसात ती लावणीलाही गेली. आता तो उलटलाय.

वैद्यक याचं सरळ कारण सांगतं. हाडातल्या मगजात रक्त तयार होतं. बिघडलेल्या पेशी औषधानं मारल्या तरी थोड्या लपून राहतात, सूक्ष्मदर्शकालाही सापडत नाहीत. त्याच पुन्हा वाढतात. यात पाप कुठं आलं? पण वाडीत कुजबूज चालूच. ‘मागल्या जन्माचं काय तरी असंल.’ आणि बोलणाऱ्याच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो!

दोस्तहो, हेच तर्कट आपल्या आज्याला ऐकवलं होतं. तू गावकुसाबाहेर का? तर मागल्या जन्मीची करणी. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ १९५७ साली निघाला. त्यात बाबासाहेबांनी या पूर्वकर्माची चिरफाड केलीय. ते मानलं की माणसाच्या प्रयत्नाला जागाच उरत नाही. जातीपुरतं ते नाकारायचं आणि आजाराला लावायचं, हे चालायचं नाही.

याहून अवघड बोलली ती वहिनीच. ‘आता माज्यावर पैसं घालू नुका. पोरांची शाला बगा.’ दादा गप्प. आयाबायांनी डोळे पुसले, केवढं मन म्हणाल्या. मला त्या कौतुकाचीच भीती वाटली. शेजारी मागल्या जन्माचा हिशोब तिच्या नावावर मांडतात. ती या जन्माचा खर्च स्वतःच्या नावावर मांडते. दोन्ही वह्यांत देणं तिच्याच डोक्यावर. दादा आजारी असता तर पैसे घालायचे की नाही, हा सवाल तरी निघाला असता काय?

वणंदच्या रमाईला आपण त्यागमूर्ती म्हणतो. दीर्घ दुखण्यानं २७ मे १९३५ ला ती राजगृहात गेली. तिचं सोसणं थोरच. पण तिचं नाव घेऊन दुसऱ्या बाईचं जगणं स्वस्त करायचं नाही. जन्मभर शेवटी जेवलेल्या बाईला ‘तुला किती वाढू’ विचारलं, तर ती ‘मला नको’ म्हणणारच. ती इच्छा नव्हे, सवय.

म्हणून आधी वाट मोकळी करायची, मग इच्छा विचारायची. सख्ख्या भावंडाचा मगज पुरता जुळण्याची शक्यता चारात एक. म्हणजे रक्ताचं नातंही पुरं पडत नाही. प्लेटलेट पाचेक दिवसच टिकतात, दाते सारखे लागतात. ते तरुण मंडळातून उभे करता येतात. उलटलेल्या ल्युकेमियावर आयआयटी मुंबई आणि टाटा हॉस्पिटल यांनी मिळून कार-टी पेशींचा उपचार काढला, २०२३ ला त्याला मान्यता मिळाली. परदेशात तो कोटींत, इथं चाळीस लाखांच्या आसपास. आमच्या वाडीला दोन्ही आकडे सारखेच. तो तिला लागू पडेल का, हे डॉक्टर सांगतील. त्या आकड्यासाठी भांडायचं मात्र आपण. महात्मा फुल्यांच्या नावाची आरोग्य योजना आहे, तिचे कागद घेऊन कुणी धावायचं? दादरला गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत कर्करोग्यांना आसरा मिळतो, तिथं दादाबरोबर कुणी जायचं? पोरीला शाळेत कुणी सोडायचं? हे मोर्च्याइतकंच चळवळीचं काम आहे. करुणा म्हणजे डोळे पुसणं नव्हे.

एवढं करून मग तिला निवांत, एकटीला विचारू. तेव्हाही सुया सोसवत नाहीत म्हणून ती नको म्हणाली, तर तो तिचा हक्क. मुकाट्यानं मानू. पण तोवर तिच्या नकाराला त्याग म्हणून टाळ्या पिटायच्या नाहीत.