शिल्लक कुणाची, श्रेय कुणाचे

राज्यकर्त्याची लोकप्रियता आणि इंधनाचा भाव यांचे नाते जुने आहे. परंतु या नात्यात तेल कंपन्यांचा नफा हा तिसरा घटकही असतो आणि त्याकडे मतदाराचे लक्ष क्वचितच जाते. अमेरिकेत हा घटक उघड दिसतो, कारण तेथील तेल कंपन्या खासगी आहेत आणि राष्ट्राध्यक्षाचा हुकूम त्यांच्या भावावर चालत नाही. जून 2022 मध्ये तेथे गॅसोलीनचा सरासरी भाव गॅलनमागे पाच डॉलरच्या वर प्रथमच गेला, तेव्हा आधीच घसरत्या लोकप्रियतेने त्रस्त असलेले तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांनी शुद्धीकरण कंपन्यांना पत्रे लिहून जाब विचारला आणि ऑक्टोबरअखेर, म्हणजे मध्यावधी निवडणुका आठवड्यावर आल्या असताना, जादा नफ्यावर कर लावण्याचा इशारा दिला. त्या वर्षी एक्सॉनमोबिल या तेल कंपनीने सुमारे 56 अब्ज डॉलरचा विक्रमी नफा मिळवला. इशाऱ्याचे मात्र कायद्यात रूपांतर झाले नाही. युद्ध किंवा टंचाई यांमुळे, स्वतःच्या कर्तबगारीशी संबंध नसताना पदरात पडलेल्या अशा नफ्यावरील कराला विंडफॉल कर म्हणतात. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी 1980 मध्ये तो प्रत्यक्षात आणला होता आणि 1988 मध्ये तो रद्द झाला.

भारतात हा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण येथे राज्यकर्ता आणि तेल कंपनी हे दोन वेगळे पक्ष नाहीत. देशातले सुमारे 90 टक्के पेट्रोल पंप इंडियन ऑईल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या तीन कंपन्यांचे आहेत. त्यांपैकी शेवटच्या दोन मुंबईत मुख्यालय असलेल्या कंपन्या अनुक्रमे बर्मा शेल आणि एस्सो या परदेशी कंपन्यांच्या राष्ट्रीयीकरणातून, 1976 आणि 1974 मध्ये, उभ्या राहिल्या. हिंदुस्तान पेट्रोलियममधला सरकारी हिस्सा जानेवारी 2018 मध्ये ओएनजीसी या दुसऱ्या सरकारी कंपनीने विकत घेतला, तरी अंतिम मालकी केंद्राकडेच राहिली. त्यामुळे केंद्र सरकार या व्यवसायाचे मालक आहे, त्यावर उत्पादन शुल्क वसूल करणारे आहे आणि त्याचे धोरण ठरवणारेही आहे. शिवाय सरकार चालवणारा पक्ष दर काही महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या राज्यात मत मागायला उभा असतो. या चार भूमिका एकाच ठिकाणी एकवटल्या म्हणजे प्रामाणिकपणाची कसोटी लागते.

पुण्यातल्या वारज्यासारख्या उपनगरात ही कसोटी पंपावरच्या यंत्रात दिसते. मुंबई–बंगळूर महामार्ग ज्या वस्तीतून जातो आणि जिथून शिवणे, कर्वेनगर, कोथरूड व सिंहगड रस्त्याकडे कामाला जाणाऱ्यांच्या दुचाकींची सकाळपासून रीघ लागते, तेथे बहुतेक ग्राहक टाकी पूर्ण भरत नाहीत. शंभरचे किंवा दोनशेचे टाका असे सांगतात, कर्मचारी झिरो बघा म्हणतो आणि ग्राहक झिरो बघतो. यंत्रावर रक्कम, लिटर आणि दर असे तीन आकडे असतात. ठरावीक रकमेचे पेट्रोल घेणाऱ्याला दर वाढला तरी खिशातून तेवढेच पैसे जाताना दिसतात. कमी होते ते लिटर, आणि ते दोन दिवस लवकर संपलेल्या टाकीतून कळते. लोणी काळभोरच्या डेपोंतून टँकरने पुण्यात येणाऱ्या या पेट्रोलच्या दरात कच्च्या तेलाची किंमत, शुद्धीकरण व वाहतुकीचा खर्च, केंद्राचे उत्पादन शुल्क, राज्याचा व्हॅट, पंपचालकाचे कमिशन आणि कंपनीचा विक्रीतला नफा असे थर असतात. उत्पादन शुल्काचा आकडा अधिसूचनेत सापडतो, व्हॅटचा दर अर्थसंकल्पात सापडतो, कमिशन पंपचालकांच्या संघटना सांगतात. कंपन्यांच्या तिमाही निकालांत शुद्धीकरणातला बॅरलमागचा नफा ठळकपणे दिलेला असतो. पंपावरच्या विक्रीत लिटरमागे किती सुटले, हा आकडा मात्र ग्राहकापुढे तशा स्पष्टपणे येत नाही. लोकप्रियतेचा व्यवहार नेमका याच थरात होतो.

वास्तविक या व्यवहाराला जागा राहू नये म्हणून देशाने एक नियम केला होता. पूर्वी सरकार भाव ठरवून देई आणि खर्चापेक्षा कमी दराने विकल्यामुळे कंपन्यांना येणारी तूट, जिला अंडर-रिकव्हरी म्हणत, ती काही वेळा तेल रोख्यांनी, म्हणजे पुढच्या पिढीने फेडायच्या कर्जाने, भरून काढली जाई. जून 2010 मध्ये, मुरली देवरा पेट्रोलियम मंत्री असताना, पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त झाले, ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे झाले आणि 16 जून 2017 पासून देशभर दररोज सकाळी सहा वाजता नवा दर लागू होऊ लागला. बाजार चढला तर दर चढेल, बाजार उतरला तर दर उतरेल आणि सरकार त्यात हात घालणार नाही, असे हे वचन होते. चढता भाग ग्राहकाला सोसावा लागणार असला तरी नियम सर्वांना सारखा होता, आणि त्यातच त्याची नैतिक ताकद होती.

हे वचन वर्षभरही टिकले नाही. 2018 मध्ये कर्नाटकात 12 मे रोजी मतदान होते. 24 एप्रिलपासून 13 मेपर्यंत दररोज बदलणारा दर एका पैशानेही बदलला नाही आणि 14 मेपासून पुन्हा वाढू लागला. 4 नोव्हेंबर 2021 पासून तो 137 दिवस स्थिर राहिला. त्या काळात उत्तर प्रदेश, पंजाब, गोवा, उत्तराखंड आणि मणिपूर येथे निवडणुका झाल्या, युक्रेन युद्ध पेटले आणि कच्चे तेल शंभर डॉलरच्या वर गेले. 10 मार्च 2022 रोजी निकाल लागले, 22 मार्चला दरवाढ सुरू झाली आणि 6 एप्रिलपर्यंत लिटरमागे दहा रुपये वाढले. दर ठरवणे हा कंपन्यांचा स्वतंत्र व्यावसायिक निर्णय असतो, असे सरकारकडून वेळोवेळी सांगितले गेले. एखादी कंपनी स्वतःच्या मर्जीने नेमकी मतदानापूर्वी तोटा पत्करते आणि मतदान उरकल्यावर तो वसूल करते, हे स्पष्टीकरण पटण्यासारखे नाही.

त्यानंतर दरवाढ पुन्हा थांबली. एप्रिल ते जून 2022 या एका तिमाहीत तिन्ही कंपन्यांचा एकत्रित तोटा 18 हजार कोटी रुपयांहून अधिक झाला आणि हिंदुस्तान पेट्रोलियमने ते आर्थिक वर्ष जवळपास नऊ हजार कोटींच्या तोट्यात संपवले. पुढे चित्र उलटे झाले. 2022-23 मध्ये बॅरलमागे सरासरी 93 डॉलरच्या आसपास असलेले भारताने घेतलेले कच्चे तेल 2023-24 मध्ये 83 डॉलरच्या आसपास उतरले, तरीही पंपावरचा आकडा तसाच राहिला आणि त्या वर्षी तिन्ही कंपन्यांचा निव्वळ नफा सुमारे 81 हजार कोटी रुपये झाला. दररोजच्या दरबदलाचा नियम रद्द केल्याचे कुणी जाहीर केले नव्हते. तो फक्त पाळला जात नव्हता. मग 14 मार्च 2024 रोजी लिटरमागे दोन रुपयांची कपात घोषित झाली आणि 16 मार्चला निवडणूक आयोगाने लोकसभेचे वेळापत्रक जाहीर केले. वारजे खडकवासला विधानसभा क्षेत्रात आणि पर्यायाने बारामती लोकसभा मतदारसंघात येते; तेथे 7 मे रोजी मतदान झाले. महिन्याला वीस लिटर पेट्रोल लागणाऱ्या वारज्यातल्या दुचाकीस्वाराला मतदानापर्यंतच्या सुमारे साडेसात आठवड्यांत या कपातीतून सत्तर-पंचाहत्तर रुपये मिळाले असतील. त्याआधीच्या वर्षात त्याच्याकडून खर्चापेक्षा किती जास्त घेतले गेले होते, हे त्याला कुणी सांगितले नाही.

या धोरणाच्या बाजूनेही एक वजनदार युक्तिवाद आहे आणि तो टाळून पुढे जाणे अन्यायाचे होईल. 2022 मध्ये युरोपातले ग्राहक इंधनाच्या भावाने होरपळत असताना भारतात 21 मे रोजी उत्पादन शुल्कात पेट्रोलवर आठ आणि डिझेलवर सहा रुपयांची कपात झाली आणि नंतर दर वाढू दिले गेले नाहीत. मालवाहतूक, भाजीपाला, एसटीचा प्रवास या साऱ्यांना त्याचा आधार मिळाला. कंपन्यांनी वाईट काळात झळ सोसली, म्हणून चांगल्या काळात ती भरून काढली, यात तत्त्वतः गैर काही नाही. पण झळ सोसणे आणि भरून घेणे हा जर ग्राहक व कंपनी यांच्यातला उधारीचा व्यवहार होता, तर उधारी किती होती, किती फिटली आणि कधी संपली याची वही ग्राहकापुढे उघडी असायला हवी होती. ती वही उघडली गेली नाही, म्हणून परतफेड पूर्ण झाल्यानंतरची शिल्लक कोणती आणि तिच्यातून दिलेले दोन रुपये हक्काचे की उपकाराचे, हे ठरवण्याचे साधनच नागरिकाच्या हाती उरले नाही.

राज्य सरकारेही यातून सुटत नाहीत, मग ती कोणत्याही पक्षाची असोत. व्हॅट टक्केवारीने आकारला जात असल्याने मूळ भाव वाढला की कोणताही निर्णय न घेता राज्याचे उत्पन्न वाढते आणि भाववाढीचा दोष दिल्लीच्या माथी जातो. एप्रिल 2022 मध्ये पंतप्रधानांनी व्हॅट कमी न करणाऱ्या राज्यांत महाराष्ट्राचे नाव घेतले, तेव्हा राज्याने केंद्राकडे बोट दाखवले. जूनअखेर सत्तांतर झाले आणि 14 जुलैला नव्या सरकारने पेट्रोलवर पाच, डिझेलवर तीन रुपये कमी केले. जून 2024 च्या अर्थसंकल्पात मुंबई, ठाणे व नवी मुंबई परिसरातला पेट्रोलवरचा व्हॅट 26 वरून 25 टक्के आणि डिझेलवरचा 24 वरून 21 टक्के झाला. विधानसभेची निवडणूक नोव्हेंबरमध्ये होती. याच महाराष्ट्रात 1972-73 च्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर या नेत्यांसोबत मुंबईच्या स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा रॉकेल आणि धान्य रास्त भावाने मिळावे ही त्यांची मागणी होती. त्या स्त्रिया सवलत मागायला गेल्या नव्हत्या, जाब विचारायला गेल्या होत्या. हा फरक महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात अलीकडे पुसट झाला आहे आणि ही मोठी हानी आहे.

पुण्याला या प्रश्नावर बोलण्याचा जुना वारसा आहे. फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन केलेले गोपाळ कृष्ण गोखले 26 मार्च 1902 रोजी केंद्रीय कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलले, तेव्हा सरकार सलग काही वर्षांची शिल्लक समृद्धीची खूण म्हणून मिरवत होते. गोखल्यांनी दाखवून दिले की लागोपाठच्या दुष्काळांनी खंगलेल्या देशातली ही शिल्लक भरभराटीतून आलेली नसून गरजेपेक्षा जास्त कर वसूल केल्यामुळे साठलेली आहे, आणि म्हणून ती ज्यांच्याकडून आली त्यांना, प्रथम मिठावरचा कर उतरवून, परत गेली पाहिजे. मणामागे अडीच रुपये असलेला तो कर 1903 मध्ये दोन रुपये झाला आणि 1907 पर्यंत एक रुपयावर आला. या मांडणीचे मोल असे की तिच्यात दात्याला स्थानच नाही: जास्त घेतलेले परत करणे हे कर्तव्य ठरते, औदार्य ठरत नाही, आणि त्याबद्दल लोकप्रियता मागण्याचा अधिकार कुणालाही उरत नाही. परकीय सरकारला लावलेले हे माप स्वकीय सरकारला लावताना सैल करण्याचे काही कारण नाही. उलट मालकी जनतेची असल्याने ते अधिक काटेकोर लावले पाहिजे.

उपायही अवघड नाही. दक्षिण आफ्रिकेत पेट्रोलचा भाव सरकारच ठरवते, परंतु तो प्रसिद्ध झालेल्या सूत्रानुसार, दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी बदलतो. कोणत्या घटकापोटी किती पैसे वाढले हे सोबत सांगितले जाते, आणि निवडणूक आली म्हणून बुधवार पुढे ढकलला जात नाही. भारतानेही दररोजचा बदल नको असेल तर महिन्याचा ठरवावा, भाव स्थिर ठेवायचे असतील तर त्यासाठी संसदेच्या मंजुरीने निधी उभारून त्याचा जमाखर्च छापावा आणि कंपन्यांचा पंपावरचा लिटरमागचा नफा तिमाहीला जाहीर करावा. यात कंपन्यांचे नुकसान नाही, सरकारच्या महसुलाचेही नाही. नुकसान होईल ते फक्त कपातीच्या घोषणेची तारीख निवडण्याच्या सोयीचे.

येत्या निवडणुकीत मत मागायला वारज्यात जो उमेदवार येईल, त्याला पेट्रोल किती रुपयांनी स्वस्त करणार असे विचारू नये, कारण त्या प्रश्नाचे उत्तर नेहमी तयार असते. पेट्रोलच्या एका लिटरमागे कंपनीला, केंद्राला आणि राज्याला आज नेमके किती पैसे सुटतात, आणि दर बदलण्याचे सूत्र तुमचा पक्ष लेखी जाहीर करून मतदानाच्या महिन्यातही पाळणार का, हे मतदारांनी त्याला विचारावे आणि उत्तर लेखी मागावे.