दुःखाला जोडलेला ‘पण’

खटाव तालुक्यातलं पुसेसावळी हे आठवडी बाजाराचं, चार गावांची ये-जा असलेलं गाव. औंधच्या यमाईचा डोंगर तिथून जवळच. १० सप्टेंबर २०२३ च्या रविवारी रात्री समाजमाध्यमावरच्या एका आक्षेपार्ह मजकुरावरून या गावात जमाव निघाला. त्याने दुकानं आणि गाड्या जाळल्या, मशिदीवर चाल केली आणि नमाजाला आलेल्या एका तरुण अभियंत्याला ठार मारलं. तो मजकूर त्याने लिहिलेला नव्हता.

त्या आठवड्यात साताऱ्यात आणि कराडात मी भल्या, शिकलेल्या माणसांच्या तोंडून एकच वाक्य अनेकदा ऐकलं. ‘झालं ते वाईटच, पण त्यांच्या पोरांनी असलं टाकायचंच कशाला?’ मजकूर एकाच्या नावावर, जीव दुसऱ्याचा. ‘त्यांच्या’ या एका शब्दाने दोघांना एकाच दाव्याला बांधलं. त्या तरुणाचा स्वतःचा असा काही गुन्हा सापडत नव्हता, म्हणून समाजाचा गुन्हा त्याच्या अंगावर टाकला गेला.

आता सव्वा वर्ष मागे जाऊ. २१ जून २०२२ च्या रात्री अमरावतीत एक औषध दुकानदार दुकान बंद करून घराकडे निघाला होता. पैगंबरांविषयी वादग्रस्त विधान केलेल्या पक्षप्रवक्त्या बाईंच्या बाजूचा संदेश त्याने एका व्हॉट्सॲप गटात पाठवला होता. तेवढ्यावरून वाटेत गाठून त्याचा गळा चिरला गेला. तेव्हाही भली माणसं बोललीच. ‘वाईटच झालं, पण असला संदेश पुढे पाठवायची गरज काय होती?’ तोच ‘पण’, फक्त बोलणारी तोंडं वेगळी. आणि जे स्वतःला कुणाच्याच बाजूचे मानत नाहीत, ते ‘आता याचं राजकारण होईल’ असं म्हणून गप्प राहिले.

त्या गप्प राहणाऱ्यांत मी होतो. पुसेसावळीनंतर मी याच जागेवर लिहिलं आणि पोटतिडकीने लिहिलं. अमरावतीनंतर मात्र एक ओळही लिहिली नाही. मी लिहिलं तर त्याचा उपयोग कोण करील याचा हिशेब मनात चालला होता. मेलेल्या माणसाचा हिशेब त्यात कुठेच नव्हता. असं का, हे एका वाचकाने पत्राने विचारलं, तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आजही नाही.

घेताना मोठी पायली आणि देताना छोटी, असा व्यवहार करणाऱ्या दुकानदाराला आपल्या खेड्यांत लबाड म्हणत. मग शब्दांच्या बाबतीत आपण हाच व्यवहार बिनदिक्कत का करतो? आपल्यातला खुनी निघाला की तो ‘माथेफिरू’, पलीकडचा निघाला की ‘त्यांची जातच तशी’. आपल्या मोर्चात दुकानांवर बहिष्कार घाला म्हणून भाषण झालं की तो ‘तरुणांचा उद्रेक’. दुसऱ्यांच्या मिरवणुकीत मुंडकं उडवायची घोषणा झाली की तो ‘कट’. दोन्ही बाजूंचे लोक हे माप वापरतात आणि दोन्हीकडे मापात मारलं जातं.

न्यायाच्या दारातही हे माप कसं शिरतं, याचं उदाहरण पुण्याचं आहे. जून २०१४ मध्ये हडपसरला, शिवछत्रपतींच्या विटंबनेच्या फेसबुक चित्रांवरून संतापलेल्या जमावाने सोलापूरच्या एका मुस्लिम संगणक अभियंत्याला मारलं. त्याचाही त्या चित्रांशी संबंध नव्हता. जानेवारी २०१७ मध्ये काही आरोपींना जामीन देताना उच्च न्यायालयाने म्हटलं की मृताचा दोष एवढाच की तो दुसऱ्या धर्माचा होता, आणि ही बाब आरोपींच्या बाजूने धरली. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. म्हणजे माणूस मेला हे खरं, मारणारा मात्र कायद्याच्या लेखी सापडलाच नाही.

कायदा तसा स्पष्ट आहे. जमावाकडून होणाऱ्या हत्या रोखायला प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी नेमा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१८ मध्येच सांगितलं. द्वेषाचं भाषण झालं तर तक्रारीची वाट न पाहता, बोलणाऱ्याचा धर्म न पाहता गुन्हा नोंदवा, हा आदेश सर्व राज्यांना २८ एप्रिल २०२३ रोजी मिळाला. पुसेसावळी त्यानंतर साडेचार महिन्यांनी घडली.

अशा वेळी सांगलीकडची माणसं गोटखिंडीचं नाव घेतात. वाळवा तालुक्यातल्या या गावात गेली अनेक वर्षं मशिदीत गणपती बसतो. कुणी कडेगावचे ताबूत सांगतो, कुणी मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यावरचा चर्मकार समाजाचा मानाचा गलेफ. हे सगळं खरं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. तरीही मी ही उदाहरणं आता जपून देतो. गायक अब्दुल करीम खाँसाहेब ज्या दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत, त्याच मिरजेत सप्टेंबर २००९ मध्ये अफजलखान वधाच्या कमानीवरून दंगल झाली आणि गणपतींचं विसर्जन खोळंबलं. जुन्या माणसांनी राखलेला सलोखा आपण वारसाहक्काने मिळाल्यासारखा दाखवत फिरतो. तो राखण्याचे त्यांचे कष्ट मात्र घेत नाही.

आपल्या मातीत हे कष्ट घेणारे झाले. जोतीराव फुल्यांच्या घराण्याचं मूळ गाव कटगुण, याच खटाव तालुक्यात. १८९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात त्यांनी असं घर कल्पिलं, जिथे नवरा, बायको, मुलगा, मुलगी वेगवेगळ्या धर्मांची असून एकमेकांचा द्वेष न करता नांदतात. चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी १९६६ मध्ये तोंडी तलाकविरुद्ध सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला. हिंदूंनी टाळ्या दिल्या, पण तेच दलवाई हिंदू धर्मांधतेवर बोलू लागले की टाळ्या थांबत. साताऱ्याच्या नरेंद्र दाभोलकरांना आयुष्यभर विचारलं गेलं, ‘हिंमत असेल तर त्यांच्या धर्मावर बोला.’ त्यांनी आपल्या मुलाचं नाव हमीद ठेवलं होतं, ते दलवाईंवरून. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात त्यांचा खून झाला आणि तेव्हाही कुठे कुठे ‘पण’ ऐकू आलाच.

अमरावतीच्या त्या दुकानदाराचा खून हा धर्माच्या नावाने केलेला निर्घृण खून होता. त्याने पाठवलेला संदेश काय होता, याने त्यात तिळमात्र फरक पडत नाही. हे मी २०२२ च्या जूनमध्ये लिहायला हवं होतं. त्याच्या घरच्यांची मी आज, एवढ्या उशिरा, क्षमा मागतो.