थकलेले घोडे

आजचं चिंतन महाभारतातल्या द्रोणपर्वावर. पण आधी माझी एक चूक सांगतो.

मागच्या आठवड्यात शाळेतल्या मित्राचा फोन आला. तो आपल्याच पालघर जिल्ह्यात सरकारी डॉक्टर आहे. सलग दुसरी नाईट, त्यात पेशंटचे नातेवाईक अंगावर धावून आलेले. म्हणाला, "सोडून द्यावंसं वाटतंय रे." मी बोईसरला लोकलमधून उतरत होतो. सवयीने बोलून गेलो, "निष्काम कर्म कर. फळाची अपेक्षाच ठेवू नकोस."

तो गप्प झाला. मग म्हणाला, "फळ कुठे मागतोय? झोप मागतोय."

ते वाक्य डोक्यातून जाईना.

त्याचं काम डोळ्यांसमोर आणा. पावसाळ्यात सर्पदंश. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावरून उशिरा पोचलेली बाळंतीण. तारापूर एमआयडीसीत स्फोट झाला की भाजलेले कामगार. तज्ज्ञ किंवा सोय नसली की पेशंट सिल्वासा, वलसाड, नाशिक नाहीतर मुंबईला पाठवायचा. जिल्हा २०१४ साली वेगळा झाला, पण हे अंतर अजून संपलेलं नाही. आणि त्याचा राग निघतो तो ड्युटीवरच्या डॉक्टरवर. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या घटनेनंतर मार्डच्या निवासी डॉक्टरांना सुरक्षेसाठी संप करावा लागला.

आता द्रोणपर्व. युद्धाचा चौदावा दिवस. सूर्यास्ताच्या आत जयद्रथाला मारण्याची अर्जुनाची प्रतिज्ञा. एकेक क्षण मोलाचा. आणि नेमके तेव्हाच रथाचे घोडे बाणांनी घायाळ होऊन थकतात. श्रीकृष्ण त्यांना निष्काम कर्म शिकवत नाही. तो भर रणांगणात घोडे सोडतो, त्यांच्या अंगातले बाण काढतो, त्यांना चोळतो, पाणी पाजतो. पाणी अर्जुनाने बाण मारून जमिनीतून काढलेलं असतं. आणि तोवर अर्जुन रथाखाली उतरून, पायी उभा राहून शत्रूला थोपवतो.

विश्रांती कर्तव्याच्या आड आली नाही. विश्रांतीमुळेच रथ पुढे गेला. आणि ती मिळाली, कारण दुसरा कोणीतरी मध्ये उभा होता.

आमच्या आयटीत ऑन-कॉल असताना मी उठलो नाही, तर अलर्ट आपोआप दुसऱ्याकडे जातो. तिथे पडतो तो फक्त सर्व्हर. माझ्या मित्राच्या मागे दुसरा कोणीच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद आजार म्हणून केली नाही, तर कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट न हाताळल्याने येणारी अवस्था म्हणून केली. म्हणजे माणसाची श्रद्धा कमी पडली का, हे विचारण्याआधी त्याच्या कामाची जागा बघायची.

मग सेवाभाव खोटा का? मुळीच नाही. पेशंटचं दुखणंही खरंच असतं. पण निष्काम कर्म हे मी मला सांगायचं असतं. दुसऱ्याला सांगितलं की ती बऱ्याचदा माझी पळवाट होते. रिकाम्या जागा का भरल्या नाहीत, हा प्रश्न मग विचारावाच लागत नाही.

रात्री मी त्याला पुन्हा फोन केला. काही सांगितलं नाही, फक्त ऐकलं.

आजचा संकल्प: पुढच्या वेळी दवाखान्यात रांग लांबली, तर डॉक्टरवर आवाज चढवायचा नाही. आणि जिथे चढवायला हवा, म्हणजे आपल्या लोकप्रतिनिधींसमोर, तिथे गप्प बसायचं नाही.

राम कृष्ण हरी!