बाप वारकरी, मुलगा देव न मानणारा



खेड्यातील माळकऱ्याचा मुलगा छत्रपती संभाजीनगरास शिकावयास जातो आणि सुटीत घरी येऊन एक दिवस सांगतो, "मला देव पटत नाही, मी माळ घालणार नाही." बाप संतापतो, आई डोळ्यांस पदर लावते. मग बाप आम्हांस विचारतो, "बोवा, या पोराचं करावं तरी काय?"

उत्तरासाठी दूर जाणे नको. याच जिल्ह्यात, शहरापासून सुमारे 50 किलोमीटरवर पैठण आहे. असाच कलह तेथे साक्षात् नाथमहाराजांच्या घरी झाला. चिरंजीव हरिपंडित शास्त्रनिपुण. बापाने प्राकृतात पुराण सांगावे, कोणाच्याही घरी जेवावे, हे त्यांस मुळीच पटेना. ते नास्तिक नव्हते. पण बापाच्या भक्तीची रीत त्यांना मान्य नव्हती, आणि बापाला दुखते ते तेथेच. ते रुसून काशीस गेले.

ही कथा महिपतीबोवांनी गायिली आहे. नाथांनी 1573 साली त्याच काशीत एकादश स्कंधावरील प्राकृत टीका पुरी केली होती. वाद घालावयास त्यांना शब्दांचा तोटा नव्हता. तरी ते मुलाची समजूत काढावयास गेले आणि त्याच्या दोन्ही अटी त्यांनी पत्करल्या: प्राकृतात पुराण सांगणार नाही, परान्न घेणार नाही. पुढे हरिपंडित पुराण सांगू लागले, श्रोते रोडावले. एका गरीब बाईचा सहस्रभोजनाचा संकल्प राहिला होता. तिच्या घरी नाथांसाठी हरिपंडितांनी स्वतः स्वयंपाक केला. जेवणानंतर पत्रावळ उचलावी तो खाली दुसरी, अशा हजार निघाल्या. मुलाचा अभिमान गळाला.

पत्रावळी सर्वांना आठवतात. पण त्याआधीचे दिवस पाहा. मत न सोडता नाथांनी शब्द पाळला, आणि मतभेद असूनही मुलाने बापासाठी चुलीपुढे बसून रांधले. म्हणून घर टिकले.

वडीलधाऱ्यांनो, तैत्तिरीय उपनिषदातील गुरू शिष्याला आईबाप देवासमान मानावयास सांगतो. आणि तेथेच हेही सांगतो की, आमचे चांगले आचरण तेवढे घे, बाकीचे घेऊ नको. पहिले सांगताना दुसरे गाळू नका. जबरीने घातलेली माळ गळ्यातच राहते, आत उतरत नाही.

आणि तरुणांनो, पटत नसेल तर पटते असे सांगू नका. खोट्या नमस्काराने पांडुरंग फसत नाही, आई मात्र फसते. एकदा शांतपणे सांगा. दर एकादशीला तेच उगाळू नका. हरिपाठ चालला असता थट्टा नको. नाथषष्ठीला बापाची पिशवी उचलून त्यांना एस.टी.त बसवून द्या. मात्र आजारात कोणी नुसत्या अंगाऱ्यावर भागवीत असेल तर हात धरून डॉक्टरकडे न्या. तेथे गप्प बसणे हा आदर नव्हे.

आता कोणी म्हणेल, "बोवा, आमच्या घरी पत्रावळी काही निघायच्या नाहीत. पोराला शेवटपर्यंत देव पटलाच नाही तर?" तर वीट आठवावी. देव दारी आला तेव्हा पुंडलिक आईबापांच्या सेवेत होता. त्याने वीट टाकली, सेवा सोडली नाही. देव रागावला नाही, उभा राहिला. जो तेथे थांबला, तो तुमच्या मुलासाठीही थांबेल. त्याला घाई नाही. मग आपण का करावी?

॥ रामकृष्णहरि ॥