पाहिलं तर गाव उरतं

फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून सायकलवर फिरून आलेल्या माणसाला प्रवासाचं विचारावं, तर आयफेल टॉवर त्याच्या बोलण्यात क्वचितच येतो. कालव्याच्या काठानं गेलेली पायवाट, रस्त्याच्या दोन्ही बाजूंची चिनाराची झाडं, दुपारी कडी लावून बसलेलं गाव, चर्चसमोरचा नळ आणि त्यावर भरून घेतलेली बाटली हेच तो सांगत राहतो. आणि शेवटी हमखास एक सुस्कारा सोडतो : ‘आपल्याकडे कुठलं आलंय असं!’

हा सुस्कारा कोनच्या रस्त्यावर उभं राहून तपासून पाहण्याजोगा आहे.

कोन म्हणजे भिवंडी तालुक्यातलं खाडीकाठचं गाव. पूल ओलांडला की पलीकडे कल्याण आणि दुर्गाडी किल्ला. 1657 साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीच्या आधारानं मराठी आरमाराची उभारणी सुरू झाली. आज इथल्या पुलावर कंटेनर, टेम्पो, रिक्षा आणि बसची रांग हलता हलत नाही. भिवंडीच्या यंत्रमागांचं कापड आणि तालुकाभर उभ्या राहिलेल्या गोदामांतला माल या ना त्या वाटेनं इथून जातो. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोच्या आराखड्यात कोनगावचं स्थानकही आहे. अशा जागी निवांत सायकल-सफरीची गोष्ट काढली, तर ‘डोकं ठिकाणावर आहे ना?’ असंच कुणीही विचारील.

पण सायकल इथं आहेच. पाळी बदलायच्या वेळी कडेला उभं राहिलं की दिसते. काळी, उंच, दोन पिढ्या वापरलेली. हँडलला कापडी पिशवीत डबा, कॅरिअरवर जुन्या ट्यूबची पट्टी आवळून बांधलेली, सीटवर पावसासाठी प्लॅस्टिकची पिशवी चढवलेली. मागून कंटेनरचा हॉर्न वाजला की हा गडी डांबर सोडून खडीत उतरतो, धूळ खाली बसेपर्यंत एक पाय टेकून थांबतो आणि पुन्हा वर चढतो. तक्रार करायला त्याला वेळ नसतो. आपण ज्याला हौस म्हणतो, ती त्याची रोजची गरज आहे. सायकलवरून फिरण्याचं कौतुक करताना हा माणूस नजरेआड होऊ नये.

गंमत अशी की फ्रान्समध्ये ज्याला सायकल-सफरीचा जनक मानतात, तो पॉल द विव्ही हाही मागाच्या गावचाच माणूस. सेंत-एतिएन हे त्याचं कर्मस्थान. रेशमी फितींचे माग, कोळशाच्या खाणी आणि कारखाने यांचं हे शहर. पॉल रेशमाच्या व्यापारात होता. सायकलचं वेड लागलं आणि त्यानं व्यापार सोडून सायकलींचं दुकान थाटलं. 1887 मध्ये सायकलीला वाहिलेलं मासिक काढलं आणि त्यात ‘वेलोसिओ’ या टोपणनावानं तो लिहू लागला. शर्यतीत त्याला रस नव्हता. गिअरच्या सायकलीचा त्यानं हिरिरीनं प्रचार केला तो एवढ्यासाठी, की साध्या माणसालाही चढ चढून डोंगरापलीकडची गावं पाहता यावीत. सायकलस्वारांसाठी त्यानं काही नियम घालून दिले. भूक लागायच्या आधी खावं, तहान लागायच्या आधी प्यावं, हे त्यातलेच. केवळ मिरवण्यासाठी पायडल मारू नये, हा आणखी एक. आज सायकल घेणाऱ्यानं तेवढा एक जरी भिंतीवर लावला तरी पुरे. 1930 मध्ये ट्रामची धडक बसून तो गेला. रस्ता तेव्हाही सायकलवाल्याचा नव्हता.

म्हणजे कारखान्यांनी वेढलेल्या शहरातूनच कुणीतरी खेड्यांकडे पाहायला निघालं. पण नुसत्या पाहणाऱ्यानं भागत नाही. गावालाही आपल्याकडे पाहण्याजोगं काही आहे याची जाण लागते. कोलोंज-ला-रूज हे दक्षिण-मध्य फ्रान्समधलं तांबड्या दगडाच्या घरांचं चिमुकलं गाव. 1982 मध्ये तिथले महापौर शार्ल सेराक, म्हणजे आपल्या हिशेबानं सरपंचच, यांनी पुढाकार घेऊन फ्रान्समधल्या सर्वांत सुंदर खेड्यांची संघटना उभी केली. तरुण शहरांकडे निघाले होते, घरांना कुलपं लागत होती, जुन्या भिंती ढासळत होत्या. त्यावरचा हा उपाय. संघटनेत यायचं तर अटी चोख आहेत : लोकसंख्या 2000 च्या आत हवी आणि गावात किमान दोन संरक्षित वास्तू किंवा स्थळं हवीत. पर्यटकाला आज जे आपोआप जपलेलं वाटतं, त्यामागे अशा सरपंचांची खटपट आहे. निवांतपणा तिथंही सांभाळावा लागला.

आता आपल्याकडे वळू. कोनहून भिवंडीच्या रस्त्याला लागावं, रांजणोली नाक्यावर नाशिक महामार्ग गाठावा आणि सोनाळ्याच्या बाजूनं आत वळावं. महामार्गाचा तुकडा जपून काढायचा, शक्यतो रविवारी आणि उजाडता उजाडता. आत वळलं की आवाज मागे पडतो. एका बाजूला गोदामाची पत्र्याची भिंत, दुसऱ्या बाजूला भाताची खाचरं. पुढे लोणाड लागतं. टेकडीत कोरलेलं बौद्ध लेणं आहे, साधारण सहाव्या-सातव्या शतकातलं. ओसरीत राजदरबाराचा कोरीव पट आहे. नाकडोळे झिजलेत, तरी माणसांची दाटी, बसण्याची ऐट, मान कललेली हे सगळं ओळखू येतं. त्याच लेण्यात आज खांडेश्वरी देवीची पूजा होते. गावात शिलाहारांच्या काळातलं शिवमंदिर आहे, पडझड झालेलं, पण पूजेत असलेलं.

याच टापूतल्या भादाणे गावचं दान शिलाहार राजा अपराजितानं लोणादित्य देवासाठी दिल्याचा ताम्रपट शके 919 चा, म्हणजे इ.स. 997 चा आहे. शेजारच्या चौधरपाड्याला शिलाहार राजा केशिदेवाचा शके 1161 चा शिलालेख मिळाला. हजार वर्षांपूर्वी राजाच्या दप्तरात ज्या गावाची नोंद झाली, ते भादाणे आजही त्याच नावानं भिवंडी तालुक्यात आहे. फ्रान्समधल्या गावानं एवढ्या जुन्या नोंदीचा केवढा फलक लावला असता! आपल्याकडे त्या वाटेनं रोज जाणाऱ्यांनाही याचा पत्ता नसतो.

याचा दोष एकट्या सरकारला देऊन मोकळं होता येत नाही. थोडा वाटा आपल्या वेगाचाही आहे. गाडीतून जाताना गाव म्हणजे दोन गतिरोधकांमधली अडचण. काच वर, नकाशा सांगेल तिकडे वळायचं, कुणाला काही विचारायची गरजच नाही. सायकलवाल्याला ही सोय नाही. त्याला घाम येतो, तहान लागते, वाट चुकते, चेन उतरते. म्हणून त्याला थांबावं लागतं आणि तोंड उघडावं लागतं. पारावरचा म्हातारा त्याला आधी विचारतो, ‘कुठून येणं केलंत?’ मग पाणी देतो आणि मग देवळाची वाट दाखवतो, तीही त्याची गोष्ट सांगत सांगत. सायकलवर आलेल्या माणसाचा गावाला धाक वाटत नाही. त्याची अडचण दिसत असते, म्हणून त्याच्याशी बोलावंसं वाटतं. आपण कुणावर तरी अवलंबून आहोत हे उघडपणे दिसलं, तर माणसं जवळ येतात. सगळं स्वतःजवळ बाळगून फिरणाऱ्याला ही जवळीक मिळत नाही. प्रवासात आणि घरातही.

आणि गावाचाही यात फायदा असतो. बाहेरचा कुणी थांबून पाहतो, विचारतो, तेव्हा घरच्या माणसालाही त्या गोष्टीची किंमत कळते. ज्या दगडावर पोरं क्रिकेटची स्टंप मांडतात त्यावर अक्षरं आहेत, हे कुणी परका वाकून पाहू लागला की त्याच पोरांच्या ध्यानात येतं. दुसऱ्या दिवशी ती स्टंप जरा बाजूला मांडतात. जतनाची सुरुवात इतकी लहान असते. कायदा, निधी, फलक हे सगळं त्यानंतर येतं. ज्याकडे थांबून कुणीच पाहत नाही, ते एके दिवशी जेसीबीच्या दातात जातं आणि त्याची बातमीही होत नाही. भिवंडी तालुक्यात गोदामं वाढणारच. त्यांच्यावर हजारोंची पोटं आहेत. पण गोदाम बांधताना शेजारी काय आहे ते ठाऊक असलेला एखादा तरी माणूस गावात हवा.

तेव्हा परदेशी जाता येईल तेव्हा जरूर जावं, तिथल्या कालव्यांच्या काठानंही फिरावं. तोवर सायकलीत हवा भरा आणि रविवारी पहाटे लोणाडला जाऊन या. सोबत पाणी, पंक्चरचं सामान आणि घरातलं एक पोर घ्या. गावात कुणी विचारलं तर सावकाश उत्तर द्या आणि आपणही दोन गोष्टी विचारा. आणि ज्या दिवशी तुम्ही सायकलवर नसाल, गाडीत असाल, त्या दिवशी पुढं चाललेल्या डबेवाल्या सायकलीला ओलांडताना दीड मीटर जागा सोडा. फ्रान्समध्ये गावाबाहेर हा कायदा आहे. आपण कायद्याची वाट न पाहता तो पाळावा.